स्पूल मशीनचा आवाज बसला? अझिमथच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

जुनं स्पूल मशीन, म्हणजे रिळांवर टेप चालवणारा रेकॉर्डर, दुरुस्तीला आलं की मी ते लगेच लावून ऐकत नाही. आधी हेडवरचं, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरचं, झाकण काढतो आणि अझिमथच्या स्क्रूकडे बघतो. हेड टेपला बरोबर काटकोनात ठेवणारा तो स्क्रू. जुळणी पक्की झाली की त्या स्क्रूवर रंगाचा एक थेंब टाकायची पद्धत आहे, नंतर कुणी स्क्रू हलवला तर कळावं म्हणून. तो थेंब तडकलेला दिसला की पुढची गोष्ट मालकाने सांगायची गरजच उरत नाही. आवाज बसला, कुणीतरी 'अझिमथ बघ' म्हणालं, स्क्रूड्रायव्हर आला. मूळ बिघाड होता तिथेच आहे आणि त्याच्या उरावर आता दुसरा बसलाय.

आवाज बसणं हे या मशीनचं सर्दी-पडसं. स्टुडिओत वर्षानुवर्षं राबलेलं यंत्र असो की संग्राहकाकडे काचेआड जपलेलं, कधी ना कधी होतंच. बहुतेक वेळा ते कापूस आणि अल्कोहोलवर बरं होतं. खालच्या तपासण्या लिहिल्यात त्याच क्रमाने करा. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर, आणि ज्या उलट फिरवता येत नाहीत त्या सगळ्यात शेवटी.

लक्षणं

मुख्य खूण म्हणजे ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक स्वर, गेलेला असतो. झांज 'छन्न' न वाजता 'थस्स' वाजते. गायकाचे स, श, च तोंडावर रुमाल धरल्यासारखे येतात. बास मात्र जिथल्या तिथे असतो आणि एकूण पातळीही जवळपास तेवढीच. याच्या जोडीला आणखी काय होतंय, ते कागदावर लिहून काढा, कारण पुढची वाट त्यावरून ठरते.

- सुरुवातीला स्वच्छ, मग पाच-दहा मिनिटांत बसत जातो: टेप झडतेय आणि हेडवर थर चढतोय.
- टेप किंचाळते, मशीन जड चालतं किंवा मध्येच थांबतं: टेप चिकट झाली आहे. तिथेच थांबवा आणि थेट टेपचा भाग वाचा.
- ट्रेबल लाटेसारखा येतो-जातो: टेप हेडसमोरून सरळ जात नाही. टेप दाबून ओढणारा रबरी रोलर, तिला वाट दाखवणारे गाईड किंवा ताण.
- एकच चॅनल बसका, दुसरा ठणठणीत: त्या ट्रॅकपुरती घाण किंवा झीज, नाहीतर त्या चॅनलचा एखादा संपर्क.
- जुन्या टेप छान वाजतात, आज केलेलं रेकॉर्डिंगच बसकं: वाजवणारी बाजू निर्दोष आहे, रेकॉर्डची बाजू बघायची.
- सगळ्या टेप, सगळा वेळ, सारख्याच बसक्या: हेडची झीज किंवा अझिमथ. पण सफाई झाल्याशिवाय या निष्कर्षावर येऊ नका.

हम, करकर किंवा पूर्ण मेलेला चॅनल हे वेगळे आजार आहेत. ते इथे घेत नाही.

चालू करण्याआधी

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन सरळ प्लगात खुपसू नका. मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. परदेशातून आलेली मशीन अनेकदा ११० व्होल्टवर लावलेली असतात आणि २३० व्होल्टवर ती एकदाच चालतात. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच युरोपीय मशीनमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर आहेत, पारदर्शक पिवळसर डबीतले. त्या डबीला वयानुसार बारीक तडे जातात, तड्यांतून कागदात ओल शिरते आणि एके दिवशी मशीन खोलीभर धूर सोडतं. आग क्वचितच लागते, पण तो वास आठवडाभर जात नाही. डबीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले, तर कपॅसिटर बदलल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

दोष टेपचा की मशीनचा?

यासाठी एक चांगली टेप हवी. जुळणी तपासायची महागडी अलाइनमेंट टेप नको. जिचा आवाज तुम्हाला तोंडपाठ आहे आणि जी गेल्या खेपेला स्वच्छ वाजली होती, अशी कुठलीही चालेल. मात्र ती जिवापाड जपलेली एकमेव मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची टेप, नसावी. आजारी मशीनवर मौल्यवान टेप चढवणं म्हणजे सुतारकाम शिकायला देव्हाऱ्याचं लाकूड घेणं.

चांगली टेप चांगली वाजली तर मशीन सुटलं, दोष दुसऱ्या टेपचा. तीही बसकी वाजली तर मशीनकडे वळा. ही पाच मिनिटांची चाचणी न केल्यामुळे लोकांनी धडधाकट मशीनचे सगळे कपॅसिटर बदललेले मी पाहिले आहेत. नंतर टेपच सडकी निघाली.

खटके आणि टेपची बाजू

हसू नका, पण आधी खटके बघा.

इक्वलायझेशनचा, म्हणजे ट्रेबल-बासचा तोल ठरवणारा, खटका एनएबीवर आहे की आयईसीवर? ही दोन वेगवेगळी मानकं आहेत. जुन्या मशीनवर आयईसीऐवजी सीसीआयआर लिहिलेलं असतं, गोष्ट तीच. सेकंदाला ३८ सेमीच्या वेगाला, वाजवताना ट्रेबल किती उचलायचा हे ठरवणारा एनएबीचा काळ ५० मायक्रोसेकंद आणि आयईसीचा ३५. एनएबीवर केलेली टेप आयईसीवर वाजवली तर वरचे स्वर सुमारे ३ डेसिबल खाली जातात आणि तळाचा बास फुगतो. १९ सेमीला हे उलटं होतं. तिथे आयईसीचा काळ ७० मायक्रोसेकंद आहे, म्हणून आयईसीची टेप एनएबीवर तितकीच बसकी वाजते. डबीवर काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर दोन्हीकडे ऐका.

मल्टिट्रॅक मशीन असेल तर ते 'सिंक'वर तर राहिलं नाही ना? अँपेक्स या अमेरिकी कंपनीने १९५७ साली गिटारवादक लेस पॉलला आठ ट्रॅकचं मशीन दिलं, त्यात ही सोय होती. आधीचे ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकायचे, म्हणजे नवा ट्रॅक त्यांच्याशी वेळेत जुळतो. पण रेकॉर्ड हेडची फट, म्हणजे टेपसमोरची बारीक चीर, मोठी असते, त्यामुळे जुन्या मशीनवर सिंकचा आवाज मुळातच बसका येतो. ते फक्त ताल धरायला होतं. खटका 'रिप्रो'वर, म्हणजे वाजवायच्या हेडवर, घेतला की आजार गायब. एक मशीन मी असं दहा सेकंदांत बरं केलं आणि पैसे मागायची लाज वाटली.

शेवटचं म्हणजे टेप उलटी तर लागलेली नाही ना? बहुतेक स्टुडिओ मशीनवर ऑक्साइडची, म्हणजे आवाज साठवणाऱ्या चुंबकी लेपाची, बाजू आतल्या अंगाला, हेडकडे असते. युरोपातल्या काही रेडिओ केंद्रांत टेप ऑक्साइड बाहेर ठेवून गुंडाळत. तशी टेप साध्या पद्धतीने ओवली की पाठ हेडला लागते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. बॅक-कोटिंगच्या, म्हणजे पाठीलाही लेप दिलेल्या, टेपची पाठ काळी आणि खरबरीत असते, ऑक्साइडची बाजू तपकिरी. तपकिरी बाजूने हेडला टेकायचं.

सफाई, आणि ती एवढी महत्त्वाची का

ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमरने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून आवाज साठवायचं पेटंट घेतलं. एईजी आणि बीएएसएफ या जर्मन कंपन्यांनी ती कल्पना उचलली, आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात माग्नेटोफोन हा टेप रेकॉर्डर लोकांसमोर आला. ते चाललं त्याचं मोठं श्रेय एदुआर्ड श्युलरच्या कडीसारख्या हेडला. त्याआधीची टोकदार हेडं टेप अक्षरशः ओरबाडत. श्युलरने चुंबकाची कडी केली, तिला केसाहून बारीक फट ठेवली आणि टेप त्या फटीवरून गुळगुळीत सरकू दिली. सगळा खेळ त्या फटीच्या तोंडाशी चालतो. आपला आजारही तिथेच होतो.

टेपवर १० हजार हर्ट्झचा एक स्वर किती जागा घेतो ते बघा. १९ सेमीच्या वेगाला एक पूर्ण लहर १९ मायक्रॉनमध्ये बसते. टेप आणि हेड यांच्यात अंतर पडलं, तर ते लहरीच्या लांबीइतकं झाल्यावर सुमारे ५५ डेसिबलचा तोटा होतो. म्हणजे अवघा २ मायक्रॉनचा थर, केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग, १० हजार हर्ट्झला जवळजवळ ६ डेसिबल खातो. तोच थर १ हजार हर्ट्झला अर्ध्या डेसिबलच्या आसपास. म्हणून घाण झाली की आवाज कमी होत नाही, बसतो. ट्रेबल जातो, बास राहतो.

आणि म्हणूनच मंद मशीन लवकर आजारी पडतात. पहिला माग्नेटोफोन सेकंदाला तब्बल एक मीटर टेप ओढत असे. १९४८ मध्ये आलेलं अँपेक्सचं २०० हे मॉडेल ७६ सेमीवर चालायचं. पुढे टेप वाचवायला वेग अर्धा होत गेला, ३८, १९, साडेनऊ. दर खेपेला लहर अर्धी झाली आणि त्याच २ मायक्रॉन घाणीची किंमत दुप्पट. ७६ ला ती दीड डेसिबलसुद्धा नाही, साडेनऊला साडेअकरा. स्टुडिओतल्या मोठ्या मशीनची सवय असलेला माणूस घरगुती मशीनच्या सफाईत ढिला पडतो तो यामुळे.

आता काम. मशीन बंद करा आणि टेप काढून बाजूला ठेवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातलं पाणी मिसळलेलं नको. लाकडी दांडीच्या कापसाच्या काड्या घ्या, कारण काही प्लास्टिकच्या दांड्या वाकतात आणि मग जोर कोपऱ्यात लागत नाही. काडी ओली करा, टपटपती नको. इरेज (पुसणारं), रेकॉर्ड, प्ले, या हेडांच्या क्रमाने टेप जाते त्या दिशेने घासा. पहिली काडी चहाच्या रंगाची निघेल. दुसरी फिकट. तिसरी पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. मग गाईड, टेप हेडपासून उचलणारे लिफ्टर आणि टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा. गाईडच्या खाचेत साठलेला काळा लेप बोटाने निघत नाही, तिथे काडीचं टोक चपटं करून घाला.

सफाई झाली की हेडवर टॉर्च तिरका धरा. आरशासारखं चकाकलं पाहिजे. एखादा तपकिरी पट्टा राहिला असेल तर तोच गुन्हेगार. थर खरवडायला ब्लेड, नखं, स्क्रूड्रायव्हरचं टोक, पॉलिश पेपर, यांतलं काहीही हेडजवळ न्यायचं नाही. वाळलेला थर निघत नसेल तर ओली काडी मिनिटभर टेकवून ठेवा, मग घासा.

रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको. वारंवार लावलं की रबर कडक होतं, आणि काही सिंथेटिक रोलर उलट चिकट होतात. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिरवा, नंतर साध्या पाण्याचं, आणि पूर्ण वाळू द्या.

दहापैकी किती मशीन इथेच बरी होतात याचा आकडा मी ठेवलेला नाही, पण इथून पुढे मजल मारणारी कमीच असतात.

टेप स्वतःच सडली असेल तर

सफाई केली, टेप लावली, दहा मिनिटांत परत आवाज बसला आणि काडी परत चहाच्या रंगाची. मग मशीनला दोष देणं थांबवा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या बऱ्याच बॅक-कोटिंगच्या टेपमध्ये ऑक्साइड धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलियुरेथेनचा होता. तो हवेतली ओल पितो आणि त्याच्या साखळ्या तुटतात. मग चिकट, चरबट माल टेपच्या पृष्ठभागावर येतो, हेडला डकतो आणि टेप किंचाळायला लागते. अँपेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ ही यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. गंमत अशी की त्या काळात ४५६ ही स्टुडिओंची लाडकी टेप होती, त्यामुळे सगळ्यात जपून ठेवावंसं रेकॉर्डिंगच नेमकं तिच्यावर सापडतं.

ओळखायचं कसं? हाताने हळूच एक-दोन वेढे उलगडा. टेप खालच्या वेढ्याला चिकटून सुटताना चरचरली, तर तीच. अशी टेप जबरदस्तीने चालवली की ऑक्साइड सोलून निघतं, आणि निघालेलं ऑक्साइड म्हणजे निघून गेलेलं गाणं. ते परत चिकटवता येत नाही.

यावर उपाय आहे, टेप 'भाजायची'. ऐकायला भयंकर वाटतं, पण अभिलेखागारांतही हेच करतात. सुमारे ५४ अंश सेल्सिअस, पाव इंची टेपला साधारण ८ तास, मध्ये उलटापालट, आणि मग उष्णता बंद करून तेवढाच वेळ आपोआप थंड होऊ द्यायची. ओल निघते, पदार्थ तात्पुरता घट्ट होतो आणि टेप काही आठवडे नीट चालते. तेवढ्यात डिजिटल नक्कल करून घ्यायची. पुढे ती परत ओल धरते. स्वयंपाकघरातली गॅसची भट्टी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य. भट्टीचं तापमान भरवशाचं नसतं आणि मायक्रोवेव्हबद्दल बोलायलाच नको. फळं-भाज्या वाळवायचं पंख्याचं यंत्र किंवा प्रयोगशाळेतलं इनक्युबेटर हवं, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवायचा. यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास नको.

पण भाजण्याआधी एक गोष्ट नक्की करा. स्पूल उजेडासमोर आडवं धरा. वेढ्यांमधून उजेड आरपार, मधासारखा दिसला तर टेप असिटेटची आहे. ती कधीही भाजायची नाही. पॉलिस्टरची टेप अपारदर्शक दिसते. असिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिचा आजार वेगळा आहे, आणि ती इतर टेपपासून लांब ठेवायची. बॅक-कोटिंग नसलेल्याही काही टेप किंचाळतात. त्यांना भाजून उपयोग नाही.

मास्टर एकमेव असेल, तिच्यावर तुम्हाला प्रिय असलेल्या कुणाचा आवाज असेल, तर इथेच थांबा. पहिला प्रयोग त्या टेपवर करू नका. टेप जतनाचं काम रोज करणाऱ्याकडे द्या.

रोलर, ताण आणि चुंबक

आवाज लाटेसारखा बसतो-उठतो तेव्हा रोलर बघा. काच झालेला, चकाकणारा रोलर टेप घट्ट धरत नाही. एका बाजूला झिजलेला रोलर टेपला वर किंवा खाली ढकलतो. टेप तिरकी गेली की क्षणोक्षणी अझिमथ बदलतो आणि आवाज डोलतो. मशीन चालू ठेवून टेपच्या कडेकडे बघा. गाईडमधून जाताना ती कुरळी होत असेल किंवा एका अंगाला चढत असेल, तर नवा रोलर टाका किंवा जुन्यावर नवं रबर चढवून घ्या. मूळ रोलरचा गाभा फेकू नका, नवं रबर त्याच्यावरच चढतं.

देणाऱ्या बाजूचा ताण कमी असेल तर टेप हेडला नीट बिलगत नाही. खरी चाचणी ताणमापकाने होते. पण कच्चा अंदाज असा घ्या: मशीन चालू असताना कापसाच्या काडीने टेप हेडवर अगदी हलकी दाबा. ट्रेबल झटकन उजळला तर टेप हेडपासून सुटलेली आहे. ब्रेक आणि ताणाच्या जुळणीला सर्व्हिस मॅन्युअल लागतं. अंदाजाने स्प्रिंग वाकवू नका.

हेडमध्ये चुंबकत्व साठलं तर मागची सळसळ वाढते आणि वरचे स्वर थोडे झिजतात, तेही दर खेपेला वाजवलेल्या टेपवरूनच. चुंबकत्व काढणारं उपकरण, डीमॅग्नेटायझर, फिरवणं सोपं आहे, फक्त शिस्त हवी. मशीन बंद, सगळ्या टेप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डीमॅग्नेटायझर हेडपासून हातभर लांब असताना चालू करायचा, सावकाश जवळ आणायचा, प्रत्येक हेड आणि गाईडसमोरून फिरवायचा, सावकाश लांब न्यायचा आणि मीटरभर लांब गेल्यावरच बंद करायचा. शिकाऊ असताना मी तो हेडला टेकलेला असताना बटण सोडलं. डीमॅग्नेटाइझ करायला निघालो आणि हेडच पक्कं चुंबक करून बसलो. त्या दिवशी तेच काम तीनदा करावं लागलं.

डीमॅग्नेटाइझ केलेलं हेड दोन-चार दिवसांत परत चुंबकित होत असेल, तर प्ले अँप्लिफायरच्या सुरुवातीचा कपॅसिटर गळत असण्याची शक्यता आहे. त्यातून डीसी प्रवाह हेडमधून जातो. घरच्या घरी ओळखता येणारी ही खूण आहे, दुरुस्ती मात्र तंत्रज्ञाची.

संपर्क

एकच चॅनल बसका असेल तर आधी सगळे खटके वीस-पंचवीस वेळा पुढेमागे करा. संपर्कांवर चढलेला गंजासारखा थर घासून जातो आणि अनेकदा चॅनल तिथेच जागा होतो. मग सर्किटची कार्ड बाहेर काढून परत बसवा. हेड ब्लॉकचे प्लगही तसेच. संपर्क साफ करायचा स्प्रे थोडासा काडीवर घेऊन लावा, यंत्रात फवारू नका. तो कॅपस्टनच्या दांड्यावर उडाला की टेप घसरायला लागते.

आता माझा एक हट्ट. जुनं मशीन आणलं की 'सगळे कपॅसिटर बदलून टाकू' म्हणणारे लोक भेटतात. मी याच्या विरोधात आहे. वीजपुरवठ्याचे आणि धूर काढणारे बदला, ते बरोबर. बाकी मोजून, एकेक, आणि प्रत्येक बदलानंतर ऐकून. एका बैठकीत ऐंशी भाग बदलले आणि नवा दोष उपटला, तर तो ऐंशीपैकी कुठे आहे हे शोधायला मूळ दोषापेक्षा जास्त वेळ जातो. संग्राहकासाठी तर मूळ भागांना वेगळी किंमत असते. काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून पिशवीत ठेवा आणि पिशवी मशीनसोबत ठेवा.

रेकॉर्डिंगच बसकं येतं

जुन्या टेप उत्तम, नवं रेकॉर्डिंग बसकं, तर बायस बघायचा. बायस म्हणजे रेकॉर्ड करताना गाण्यासोबत हेडला दिलेला, कानाला न ऐकू येणारा सिग्नल. १९४० च्या सुमारास जर्मन रेडिओत वाल्टर वेबरने वारंवारता जास्त असलेला बायस टेपवर वापरून दाखवला, आणि तिथून टेपचा आवाज खऱ्या अर्थाने स्वच्छ झाला. पण बायस जास्त झाला की तो वरचे स्वर रेकॉर्ड होता होताच पुसतो. मशीन एका जातीच्या टेपला जुळवलेलं असतं. दुसऱ्या जातीची टेप लावली की तोच बायस जास्त किंवा कमी ठरतो. म्हणून आधी टेपची जात तपासा, मशीनवर कुणीतरी चिकटवलेली जुळणीची चिठ्ठी शोधा. चिठ्ठी नसेल तर बायस जुळवायला सिग्नल जनरेटर आणि मीटर लागतो. कानाने जुळवलेला बायस मी कधी बरोबर आलेला पाहिला नाही, माझ्या स्वतःच्या कानासकट.

हेडची झीज

टेप जिथे घासते तिथे हेडला सपाट पट्टा पडतो. त्या पट्ट्याच्या कडेवरून नख हळूच फिरवा. कड नखाला अडकली तर झीज पुढे गेली आहे आणि टेप खाचेत चालते आहे. फटीची बारीक रेघ भिंगातून बघा. ती सरळ, एकसारखी असायला हवी. रेघ रुंद किंवा फाटलेली दिसली तर झीज फटीच्या तळापर्यंत गेली आहे आणि गेलेला ट्रेबल सफाईने येणार नाही. फेराइटचं हेड सावकाश झिजतं पण ठिसूळ असतं, त्याच्या फटीच्या कडेचा टवका उडालेला दिसतो.

मधल्या अवस्थेतलं हेड घासून परत गोलाईवर आणता येतं. पण हे काम मायक्रॉनमध्ये मोजतात, त्यामुळे ते त्याच कामाच्या माणसाकडे गेलं पाहिजे. घरी पॉलिश पेपरवर घासलेलं हेड मी एकदा भिंगाखाली पाहिलं. सपाट, आणि दोन्ही ट्रॅकच्या फटी फाटलेल्या. त्या मॉडेलचं दुसरं हेड मिळेपर्यंत मशीन दोन वर्षं पडून राहिलं.

आणि आता तो स्क्रू

अझिमथ म्हणजे हेडची फट टेपच्या प्रवासाला काटकोनात असणं. २ मिलिमीटर रुंद ट्रॅक, १९ सेमीचा वेग आणि १० हजार हर्ट्झ धरला, तर अंशाचा तिसरा भाग एवढ्या चुकीने ६ डेसिबल जातात. स्क्रूच्या टोकाचं ते इवलंसं वळण असतं. म्हणून अंदाजाने फिरवायची ही जागा नाही.

तरीही एका प्रसंगी तो फिरवावा लागतो. समोरची टेप दुसऱ्याच मशीनवर, वाकड्या अझिमथवर केलेली असेल आणि तिची नक्कल काढायची असेल, तर हेड त्या टेपला जुळवायचं. आधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर बारीक पेनाने एकच सरळ खूण करा. फोटो काढा. दोन्ही चॅनल मोनो करून हेडफोनवर ऐका, कारण मोनोत चूक लगेच कळते. पाव फेऱ्याच्याही आत, मागेपुढे, ट्रेबल सगळ्यात उजळ येईल तिथे थांबा. ट्रेबल दोन-तीन जागी उजळतो, त्यातली एकच खरी असते. जवळची, मधली आणि सगळ्यात जोरदार ती. काम झालं की स्क्रू परत खुणेवर.

हेडच्या पाठीमागचे बाकीचे स्क्रू उंची आणि झुकाव ठरवतात. ते एकत्र हलले की अलाइनमेंट टेप आणि मीटरशिवाय परत जागेवर येत नाहीत. त्यांना हात लावू नका.

इथे थांबा

धूर, जळका वास, गरम ट्रान्सफॉर्मर, फ्यूज परत परत जाणं: प्लग काढा आणि पुढे काही करू नका. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये २५० व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. ज्याला तो दाब सुरक्षितपणे उतरवता येत नाही त्याने झाकण उघडू नये. सफाई आणि खटके झाल्यावरही आवाज बसकाच, रंगाचा थेंब शाबूत आणि हेडची रेघ ठीक दिसतेय, तर बिघाड तुमच्या टेबलावर सुटणारा नाही. थेंब आधीच तडकलेला असेल तर तसं तंत्रज्ञाला मोकळेपणाने सांगा. आम्हाला ते दिसतंच, फक्त शोधण्यात वाया जाणाऱ्या वेळेचं बिल तुम्हाला येतं.

मशीन देताना ती लक्षणांची यादी, काढलेल्या भागांची पिशवी आणि ज्या टेपवर आवाज बसतो ती टेप सोबत द्या. ती टेप नसेल तर मी माझी टेप लावतो, ती छान वाजते आणि मशीन जसं आलं तसं परत जातं.